किरणोपचार तज्ज्ञांना खुलं पत्र: धडधाकट पेशींचं आम्हालाही सांगा

महाराष्ट्रातल्या सर्व किरणोपचार तज्ज्ञांना, वैद्यकीय भौतिकतज्ज्ञांना, यंत्र चालवणाऱ्या तंत्रज्ञांना आणि हे विभाग चालवणाऱ्या व्यवस्थापनांना,



कॅन्सरच्या गाठीपर्यंत किरणं न्यायची तर ती शाबूत शरीरातूनच न्यावी लागतात. त्यामुळे गाठ मारण्याइतकंच भोवतालचं वाचवणं हे तुमचं काम असतं. सीटी स्कॅनच्या एकेका चित्रावर तुम्ही लाळग्रंथी, मज्जारज्जू, जबड्याचं हाड, गिळण्याचे स्नायू यांच्या कडा आखता. फिजिसिस्ट मंडळी संगणकासमोर तासन्‌तास बसून कुठल्या अवयवाला किती मात्रा जाईल याची मांडणी पुन्हा पुन्हा बदलून पाहतात. आणि ज्या माणसासाठी हे सगळं चाललेलं असतं, त्याला यातलं काहीच ठाऊक नसतं. माझी तक्रार नेमकी याबद्दल आहे. धडधाकट पेशी वाचवण्याचं बरंचसं काम रुग्णाच्या आणि त्याच्या घरच्यांच्या हातात असतं, आणि तेवढंच आम्हाला कुणी समजावून सांगत नाही.

मी कनिष्ठ महाविद्यालयात जीवशास्त्र शिकवत होते. माझ्या सासूबाईंना गालाच्या आतल्या बाजूचा कर्करोग झाला. तरुणपणापासून मिश्री लावायची सवय होती. आधी शस्त्रक्रिया झाली, मग किरणोपचार. त्या काळात रांगेत शेजारी बसणाऱ्यांशी ओळखी झाल्या आणि पुढे गावाकडून येणाऱ्या रुग्णांच्या सोबतीला मी जात राहिले. कोणत्याही रुग्णालयाचं नाव मी इथे घेणार नाही, कारण मी जे लिहिते आहे ते एका दाराआडचं नाही. तुमच्यावर कामाचा किती ताण आहे हेही मी पाहिलं आहे. सकाळी सातला सुरू झालेलं यंत्र रात्री उशिरापर्यंत चालतं आणि तरी बाहेरची रांग संपत नाही. तुमच्याविषयीचा आदर मनात ठेवूनच हे पत्र लिहिते आहे.

पहिल्या दिवशी आम्हाला काय सांगितलं गेलं? 'तीस लाईट आहेत. सोमवार ते शुक्रवार यायचं. तोंड येईल, तिखट बंद. मानेला साबण लावू नका.' किरणोपचाराच्या एकेका खेपेला तिथे 'लाईट' म्हणतात. इंग्रजीतल्या संमतीपत्रावर सही घेतली. सासूबाईंनी विचारलं, 'रोज थोडी थोडी देण्यापेक्षा एकदमच का देत नाहीत?' तंत्रज्ञ म्हणाला, 'आजी, तसंच असतं.'

हा प्रश्न मी नंतर अनेकांच्या तोंडून ऐकला. कुणाला एसटीचं भाडं वाचवायचं असतं, कुणाच्या मुलाची मजुरी बुडत असते. प्रश्न अगदी योग्य आहे आणि त्याचं उत्तरही सुंदर आहे. १ ग्रे (ग्रे हे किरणांच्या मात्रेचं एकक) मात्रेने एकेका पेशीच्या डीएनएत सुमारे १,००० ठिकाणी एक धागा तुटतो आणि ३० ते ४० ठिकाणी दोन्ही धागे एकदम तुटतात. रोजची मात्रा बहुतेकदा २ ग्रे असते. यातली बरीचशी मोडतोड किरणं थेट करत नाहीत. पेशीतल्या पाण्याचे रेणू फुटून जे हायड्रॉक्सिल मूलक तयार होतात, ते करतात. एकच धागा तुटला तर समोरचा धागा पाहून पेशी तो लवकर भरून काढते. दोन्ही तुटले की मामला गंभीर होतो. मग पेशी एक तर तुटकी टोकं घाईने जोडून टाकते आणि त्यात काही अक्षरं गळू शकतात. किंवा फाटलेल्या सातबाऱ्याची दुसरी प्रत समोर ठेवून पान पुन्हा लिहावं, तशी डीएनएची ताजी प्रत पाहून बिनचूक दुरुस्ती करते. धडधाकट पेशींत हे काम बव्हंशी सहा तासांत होतं, उरलंसुरलं चोवीस तासांत. कॅन्सरच्या अनेक पेशींत मात्र दुरुस्तीची यंत्रणा आधीच बिघडलेली असते. 'विभाजन थांबव, आधी दुरुस्ती कर' असा इशारा देणारी प्रथिनंही त्यांच्यात बऱ्याचदा निकामी झालेली असतात. तुटका डीएनए घेऊनच त्या विभाजनाला निघतात आणि मरतात.

पॅरिसमध्ये क्लोद रेगो यांनी मेंढ्यांवर केलेल्या प्रयोगांत हे विसाव्या शतकाच्या पूर्वार्धातच दिसलं होतं. वंध्यत्व येण्याइतकी मात्रा एकदम दिली तर वरची कातडी जळायची. तीच विभागून दिली तर कातडी टिकायची. त्यांचे सहकारी आंरी कुतार यांनी तीच रीत घशाच्या कर्करोगाच्या रुग्णांसाठी वापरली आणि आज तुम्ही देता त्या तीस-पस्तीस लाईटची परंपरा तिथून आली. म्हणजे दोन लाईटच्या मधली रात्र हाही उपचाराचाच भाग आहे. सासूबाई चौथी शिकलेल्या होत्या. मी हे सातबाऱ्याच्या भाषेत सांगितलं तेव्हा त्यांना एका बैठकीत समजलं. त्यानंतर त्यांनी एकदाही 'आज राहू दे' म्हटलं नाही.

म्हणून पहिली विनंती. हे उत्तर पहिल्याच दिवशी द्या. त्याची दुसरी बाजूही सांगा: चार आठवड्यांच्या सुमारास उरलेल्या कॅन्सरच्या पेशी अधिक वेगाने वाढू लागतात आणि डोक्या-मानेच्या कर्करोगात उपचार एक दिवस लांबला तर गाठ आटोक्यात राहण्याची शक्यता सव्वा-दीड टक्क्याने घटते, असा अंदाज जुन्या अभ्यासांतून निघालेला आहे. दिवाळीला गावी जाणारा, पुतण्याच्या लग्नासाठी चार दिवस थांबणारा रुग्ण बेफिकीर नसतो. उरलेल्या लाईट नंतर घेतल्या की हिशोब पुरा झाला, असं त्याला प्रामाणिकपणे वाटत असतं. त्याला कुणी सांगितलेलंच नसतं.

पण खंड पाडणारा दरवेळी रुग्णच नसतो. यंत्र बंद पडतं. सरकारी योजनेची मंजुरी अडकते. एखाद्या कागदावरचा शिक्का राहून जातो. बुलढाण्याहून किंवा नंदुरबारहून आलेला माणूस तीन दिवस पथारीवर बसून राहतो, आणि 'यंत्र सुरू झालं की फोन करू' यापलीकडे त्याला काही सांगितलं जात नाही. बुडालेला दिवस शनिवारी भरून काढता येतो. काही वेळा एकाच दिवशी किमान सहा तासांचं अंतर ठेवून दोन लाईट देता येतात. सहा तास का, तर पेशींच्या दुरुस्तीला तेवढे लागतात म्हणून. हे तुम्हाला माझ्यापेक्षा कितीतरी चांगलं ठाऊक आहे. माझं मागणं इतकंच, की यंत्र बिघडल्याच्या दिवशी भरपाईचा दिवसही तिथेच ठरावा आणि रुग्णाच्या कागदावर लिहून मिळावा. ही जबाबदारी विभागाची आहे.

आता दातांविषयी. यावर मी जास्त लिहिणार आहे, कारण हे दुःख टाळता येण्यासारखं होतं.

तोंडाच्या कर्करोगात जबड्याचं हाड आणि लाळग्रंथी किरणांच्या वाटेतच येतात. लाळ आटली की दात झपाट्याने किडतात. हाडातल्या बारीक रक्तवाहिन्या आकसतात, पेशींची भरून येण्याची ताकद कमी होते आणि ती पूर्वीसारखी कधीच होत नाही. पुढे पाच वर्षांनी दात उपटला तरी जखम भरत नाही, हाड उघडं पडतं, सडू लागतं. खालच्या जबड्याला ६० ग्रेहून जास्त मात्रा गेली असेल तर धोका आणखी वाढतो. म्हणून किडलेले, हलणारे दात उपचारांआधी काढायचे, जखम भरायला दोन-तीन आठवडे द्यायचे आणि पुढे आयुष्यभर रोज फ्लोराइड लावायचं, असा नियम आहे. शस्त्रक्रियेनंतर सहा आठवड्यांच्या आत किरणोपचार सुरू झालेले बरे, हाही नियम आहे. दोन्ही पाळायचे तर वाट एकच उरते: शस्त्रक्रियेआधीच दंतवैद्याने तोंड पाहायचं आणि नको असलेले दात भूल दिलेली असतानाच काढून टाकायचे.

सासूबाईंचे दात कुणी पाहिले नाहीत. सर्जन धरून चालले की किरणोपचार विभाग पाहील. किरणोपचार विभागात त्या आल्या तोवर दोन-तीन आठवडे थांबायला वेळ उरला नव्हता. दोन वर्षांनी दाढ दुखू लागली तेव्हा तालुक्याच्या दंतवैद्याने ती काढली. त्यानंतर कित्येक महिने त्यांच्या तोंडात जबड्याचं हाड उघडं होतं. पू, वास, जावयासमोर तोंडावर पदर. कर्करोग परतला नव्हता. त्या त्यातून बऱ्या झाल्या होत्या. त्या दंतवैद्याला मी दोष देत नाही. त्याला दाखवायला आमच्याकडे जो कागद होता त्यावर 'आरटी ६० ग्रे, ३० फ्रॅक्शन, पूर्ण' एवढंच होतं. जबड्याला किती मात्रा गेली, दात काढण्याआधी कुणाला विचारायचं, यातलं एक अक्षर त्यावर नव्हतं.

या राज्यात तंबाखू, मावा, मिश्री, गुटखा यांच्यामुळे तोंडाच्या कर्करोगाच्या रुग्णांची रांग लागते. गुटख्यावर २०१२ पासून बंदी आहे आणि तरीही तो मिळतो. अशा राज्यात, डोक्या-मानेच्या रुग्णांवर उपचार करणाऱ्या प्रत्येक विभागाने दंततपासणी झाल्याशिवाय किरणं देताना डोकं स्थिर ठेवणारा मास्क बनवू नये, असा नियम स्वतःहून घालून घ्यावा. याला नवं यंत्र लागत नाही. सरकारी दंत महाविद्यालयं मुंबई, नागपूर, छत्रपती संभाजीनगर इथे आहेत, खासगी तर गावोगाव आहेत. दोन विभागांमध्ये एक करार, एक चिठ्ठी आणि ठरलेला एक वार, एवढ्यावर हे जमेल.

मास्कवरून आठवलं. जाळीचा तो मास्क चेहऱ्यावर गरम गरम बसवला जातो तेव्हा अनेकांचा जीव गुदमरतो. पण डोकं दोन-तीन मिलिमीटर हललं तरी गाठीला मिळायची ती मात्रा लाळग्रंथीला जाऊ शकते, म्हणून तो आहे, हे सांगितलं की माणूस तो सोसतो. उपचार चालू असताना वजन उतरलं की मास्क सैल होतो आणि महिनाभरापूर्वी केलेली आखणी चेहऱ्याशी जुळेनाशी होते. खाण्यापिण्याची काळजी अशक्तपणासाठी घ्यायची एवढंच आम्हाला माहीत असतं. ती किरणांच्या अचूकपणासाठीही घ्यायची असते, हे आहारतज्ज्ञसुद्धा सांगत नाहीत. तोंड आल्यावर पेज, ताक, पातळ खिचडी यावर दिवस काढणाऱ्या माणसाला नाकातून नळी घालायची वेळ येते, तेव्हा घरचे नळीला 'शेवटची पायरी' समजून घाबरतात. त्यांना आधी सांगून ठेवलं, तर ते घाबरणार नाहीत.

आखणीबद्दलही एक मागणं आहे. तुमच्या पडद्यावरचं ते रंगीत चित्र आम्हाला एकदा दाखवा. पाच मिनिटं पुरतील. ब्रिटनमधल्या पार्सपोर्ट चाचणीचे निष्कर्ष २०११ मध्ये आले. किरणांची तीव्रता जागोजागी कमी-जास्त करणाऱ्या आयएमआरटी पद्धतीने लाळग्रंथी वाचवल्या तेव्हा वर्षभरानंतर त्रासदायक कोरडं तोंड ३८ टक्के रुग्णांत उरलं. जुन्या पद्धतीत ते ७४ टक्क्यांत होतं. आपल्या टाटा स्मारक केंद्राच्या पार्सर चाचणीत गर्भाशयमुखाच्या कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेतलेल्या ३०० स्त्रिया होत्या. रोज प्रतिमा पाहून दिलेल्या आयएमआरटीने आतड्यांचे उशिरा उद्भवणारे त्रास तीन वर्षांत ४२ टक्क्यांवरून २१ टक्क्यांवर आले. हे काम इथे, आपल्या बायकांसाठी, आपल्याच डॉक्टरांनी केलेलं आहे. मला त्याचा अभिमान वाटतो, आणि म्हणूनच विचारावंसं वाटतं, की जिल्ह्याच्या ठिकाणी उपचार घेणाऱ्या बाईला आपल्याला कुठल्या पद्धतीने किरणं दिली जाणार, आणि दुसरी पद्धत मिळू शकली असती का, हे का सांगितलं जात नाही? परवडत नसेल, यंत्र नसेल, योजनेत बसत नसेल, तर तसं सांगा. आम्ही ऐकून घेऊ. न सांगता आमच्या वतीने ठरवू नका.

गर्भाशयमुखाच्या रुग्णांबद्दल आणखी दोन शब्द. 'लघवी भरून या' असं त्यांना सांगतात, पण कशासाठी ते सांगत नाहीत. भरलेलं मूत्राशय आतड्यांना वर ढकलतं आणि किरणांच्या वाटेतून बाहेर काढतं, हे कळलं तर कुणी लाजून अर्ध्यावर उठून जाणार नाही. रक्ताचं हिमोग्लोबिन कमी असलेल्या कितीतरी बायका आपल्याकडे येतात. प्राणवायू कमी पोहोचलेल्या गाठीच्या पेशी किरणांना अडीच-तीन पट कमी दाद देतात, म्हणजे अंगात रक्त असणं हा उपचाराचा भाग झाला. आणि उपचारानंतर योनिमार्ग आकसतो, त्यासाठी डायलेटर वापरायचा असतो, हे एकाही बाईला नीट, दार लावून, बाई डॉक्टरने किंवा नर्सने सांगितलेलं मी पाहिलं नाही. हा विषय काढायला संकोच वाटतो, हे मला कळतं. पण त्या संकोचाचा त्रास त्या बाईला उरलेल्या आयुष्यभर होतो.

यापुढचा मुद्दा तुम्हाला सर्वांत जास्त चिडवतो, हे मला माहीत आहे. गव्हांकुराचा रस, हळदीच्या कॅप्सूल, नोनीचं पेय, गोमूत्र अर्क, 'अँटिऑक्सिडंट' लिहिलेल्या महागड्या डब्या. मी ज्या ज्या घरांत गेले, तिथे यातलं काही ना काही होतंच. डॉक्टर विचारत नाहीत, रुग्ण सांगत नाही. आणि विचारलंच तर 'हे सगळं बंद करा' किंवा 'घ्या, काही होत नाही' यांपैकी एक उत्तर मिळतं. दोन्ही उत्तरांमागचं कारण कुणी सांगत नाही.

या लोकांचा विचार मुळात मूर्खपणाचा नाही. किरणं मूलकांच्या द्वारे मोडतोड करतात, तर मूलक शोषून घेणारं काही पोटात घ्यावं, हा तर्क रसायनशास्त्राला धरूनच आहे. अडचण अशी, की गोळीला धडधाकट पेशी कुठली आणि कॅन्सरची कुठली हे कळत नाही. ती दोघींनाही वाचवू शकते. कॅनडातल्या क्यूबेकमध्ये डोक्या-मानेच्या ५४० रुग्णांवर चाचणी झाली. एका गटाला किरणोपचारांबरोबर रोज ४०० एकक ई जीवनसत्त्व आणि काहींना बीटा-कॅरोटीन दिलं, दुसऱ्याला दिसायला तशीच निष्क्रिय गोळी. २००५ पासून निष्कर्ष येऊ लागले. औषध घेणाऱ्यांना तोंड येण्यासारखे तीव्र त्रास कमी झाले. पण गाठ परतण्याचं प्रमाण त्याच गटात जास्त दिसलं. तो फरक संख्याशास्त्राच्या कसोटीवर पक्का ठरला नव्हता, तरी पुढच्या पाठपुराव्यात ई जीवनसत्त्व घेणाऱ्यांत मृत्यू अधिक आढळले. ही एक चाचणी रुग्णाला गोष्टीसारखी सांगितली, तर त्या डब्या आपोआप फडताळात जातील. मी सांगून पाहिली आहे, गेल्या.

फक्त धडधाकट पेशींना वाचवणारं औषध बनवणं किती कठीण, हेही सांगण्यासारखं आहे. अमेरिकी लष्कराच्या वॉल्टर रीड संस्थेत अणुयुद्धाच्या भीतीपोटी हजारो रसायनं तपासली गेली आणि त्यातून अमिफॉस्टिन निघालं. शाबूत ऊतींतल्या एका विकरामुळे तिथेच ते अधिक कार्यरत होतं, म्हणून गाठ वगळून बाकीचं वाचवण्याची आशा होती. १९९९ मध्ये तिथल्या औषध प्रशासनाने ते कोरड्या तोंडाचा त्रास कमी करण्यासाठी मान्य केलं. पण रोज लाईटच्या आधी पंधरा ते तीस मिनिटं शिरेतून द्यायचं, उलट्या व्हायच्या, रक्तदाब घसरायचा. त्यामुळे ते फारसं रुळलं नाही. एवढ्या शास्त्रज्ञांना जे नीट साधलं नाही, ते डबीतल्या पावडरीने साधेल का, हा प्रश्न कुठलाही शेतकरी स्वतःच विचारेल. त्याला माहिती तर द्या. जेवणातली हळद, फळं, डाळ, भाजी यांना बंदी नाही, हेही त्याच वेळी सांगा. नाहीतर घाबरून माणसं वरणात हळद घालायचंही सोडतात.

तंबाखूचं याहून सोपं आहे, आणि तिथेच तुमच्याकडून सर्वांत कमी होतं. डोक्या-मानेच्या रुग्णांचा कॅनडातला एक अभ्यास १९९३ मध्ये प्रसिद्ध झाला. उपचार चालू असतानाही धूम्रपान करत राहिलेल्यांपैकी दोन वर्षांनी ३९ टक्के जिवंत होते. न करणाऱ्यांपैकी ६६ टक्के. एवढा फरक पाडणारं औषध उद्या बाजारात आलं तर तुम्ही त्यासाठी परिषदा भरवाल. 'तंबाखू सोडा' हे भिंतीवर लिहिलेलं असतं, पण सोडायला मदत करणारं माणूस विभागात नसतं. सासूबाईंनी तिसऱ्या आठवड्यात तोंडाची आग मारण्यासाठी पुन्हा मिश्री मागितली. सवय चाळीसहून अधिक वर्षांची, त्यात वेदना. त्यांना रागवायला सगळे होते, शेजारी बसणारं कुणी नव्हतं.

आणि आता बातम्या. फेब्रुवारी २०२४ मध्ये शंभर रुपयांच्या गोळीची बातमी सगळ्या मराठी वृत्तपत्रांत आणि फोनाफोनांवर फिरली. डॉ. इंद्रनील मित्रा आणि टाटा स्मारक केंद्रातल्या त्यांच्या सहकाऱ्यांची मांडणी अशी, की मरणाऱ्या कॅन्सर पेशींतून सुटलेले क्रोमॅटिनचे कण धडधाकट पेशींत शिरून त्यांच्या डीएनएची नासधूस करतात आणि रेझव्हेराट्रॉल व तांबं यांचं मिश्रण त्या कणांचा नाश करतं. कल्पना विलक्षण आहे. पण लोकांपर्यंत पोचलं ते 'कॅन्सर परत येऊ न देणारी गोळी' एवढंच. मंजुरी यायच्या आधीच लोक औषधाच्या दुकानांत ती मागत होते, आणि काहींनी घरी तांब्याच्या भांड्यातलं पाणी वाढवलं. २०२५ मध्ये जलअस्वलाची बातमी आली. प्रचंड किरणोत्सर्ग पचवणाऱ्या त्या सूक्ष्म प्राण्याचं 'डीसप' हे प्रथिन जपानी संशोधकांनी २०१६ मध्ये उजेडात आणलं होतं. ते डीएनएला बिलगून त्याला वाचवतं. मानवी पेशींत ते घातलं तर क्ष-किरणांनी होणारी हानी ४० टक्क्यांच्या आसपास घटली होती. मग अमेरिकेतल्या एमआयटी आणि आयोवा विद्यापीठाच्या संशोधकांनी त्या प्रथिनाचा संदेशवाहक आरएनए सूक्ष्मकणांत भरून उंदरांच्या गालात आणि गुदाशयात टोचला, त्यानंतर किरणं दिली, आणि तिथल्या डीएनएचे दुहेरी तुकडे जवळपास निम्म्याने कमी झाले. परिणाम टोचल्या जागेपुरताच राहिला, गाठीपर्यंत गेला नाही. मला स्वतःला हे वाचून फार आनंद झाला, कारण नेमकं सासूबाईंच्या गालासारख्या जागेचंच ते काम आहे. पण ते उंदरांवरचं आहे. रांगेतल्या एका मुलाने मला विचारलं, 'मॅडम, आईला हे मिळेपर्यंत लाईट थांबवू का?' त्याने हे डॉक्टरांना विचारलं नाही. डॉक्टरांना असलं विचारायचं नसतं, असं त्याला वाटत होतं.

अशी बातमी आली, की त्याच आठवड्यात विभागाच्या फळ्यावर मराठीत दहा ओळी लावा: हे काय आहे, कुठवर आलं आहे, आज तुमच्यासाठी उपलब्ध आहे की नाही. तुमच्या संघटनांनी हे एकदाच लिहून सगळ्या विभागांना पाठवलं तरी भागेल. जे आज उपलब्ध आहे, त्याचंही सांगा. तोंड येऊ नये म्हणून कमी तीव्रतेचा लेझर वापरावा, अशी शिफारस आंतरराष्ट्रीय मार्गदर्शक सूचनांत २०२० मध्ये आली आहे; तो किती विभागांत आहे? डाव्या स्तनाच्या कर्करोगात खोल श्वास रोखून किरणं घेतली की हृदय दूर सरकतं, आणि हृदयाला मिळणारी सरासरी मात्रा एकेका ग्रेने वाढली की हृदयविकाराचा धोका ७.४ टक्क्यांनी वाढतो, असं २०१३ च्या अभ्यासात दिसलं. श्वास रोखायचा सराव घरी करता येतो. सांगितलं तर बायका पोळ्या लाटताना करतील.

'वेळ कुठून आणायचा?' असं तुम्ही विचाराल. तुमचा वेळ मी मागत नाही. दर सोमवारी नवे रुग्ण सुरू होतात. त्या सकाळी सगळ्यांना आणि त्यांच्या सोबत आलेल्यांना एकत्र बसवून प्रशिक्षित नर्स किंवा समाजसेवकाने पाऊण तास बोलावं. जीवशास्त्राचे निवृत्त शिक्षक प्रत्येक जिल्ह्यात आहेत. बोलावलंत तर आम्ही येऊ, मानधनाशिवाय. संमतीपत्र मराठीत असावं. आणि उपचार संपताना प्रत्येकाच्या हाती एक कार्ड द्यावं. त्यावर एकूण मात्रा, जबडा, लाळग्रंथी, थायरॉइड, हृदय, आतडी यांना किती गेली ते. दात काढण्याआधी कुठल्या क्रमांकावर फोन करायचा ते. मानेला किरणं मिळाली असतील तर थायरॉइडची रक्ततपासणी दर सहा ते बारा महिन्यांनी करायची ते. हे आकडे तुमच्या संगणकात आधीपासून आहेत. ते छापून द्यायचे आहेत.

या कार्डाचा मराठी मसुदा मी तयार केला आहे. तुमच्यापैकी कुणी तो तपासून, दुरुस्त करून आपल्या विभागात वापरायला तयार असेल तर या अंकाच्या पत्त्यावर कळवा. मसुदा पाठवून देईन आणि पहिल्या सोमवारी स्वतः येईन.



आपली,
जीवशास्त्राची एक निवृत्त शिक्षिका